साहेबांनी एक चूक पकडली, आठ सुटल्या

वाचकाचं पत्र:

ऑफिसात माझं बहुतेक काम ईमेलवर चालतं आणि ईमेल इंग्रजीत असतात. माझं शिक्षण मराठीतून झालं, तरी इंग्रजी वाचायला-समजायला अडचण येत नाही. मागच्या महिन्यात माझ्या एका मेलला साहेबांनी 'रिप्लाय ऑल' करून उत्तर दिलं. शेवटच्या ओळीतल्या 'इट्स'ला लाल रंग दिला आणि खाली लिहिलं, 'इट इज बजेट?' पुढे एक हसरा चेहरा. वीसेक जणांनी ते वाचलं. तेव्हापासून चार ओळी लिहायला मला पाऊण तास लागतो, आणि पाठवल्यावर पुन्हा चार वेळा उघडून बघतो. व्याकरणाचं जाडजूड पुस्तक पाठ करायला घेऊ, की सगळं सरळ एआयकडूनच लिहून घेऊ? तो मेल सोबत जोडला आहे. – 'लाल रेघ'

प्रिय 'लाल रेघ',

तुमचा मेल आधी इथे उतरवते, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही कळेल की एवढं काय घडलं होतं.

'आय हॅव सेंट द रिपोर्ट यस्टरडे, प्लीज चेक इट. द क्वालिटी ऑफ द चार्ट्स आर पुअर, आय विल सेंड न्यू व्हर्जन ऑन मंडे. प्लीज टेल मी व्हेन इज द मीटिंग. वी कॅन डिस्कस अबाउट इट्स बजेट देअर.'

देवनागरीत दोन गोष्टी दिसत नाहीत, त्या सांगते. 'मंडे'चं पहिलं अक्षर तुम्ही लहान काढलं आहे आणि 'इट्स'मधल्या टी आणि एसच्या मध्ये अपॉस्ट्रफी, म्हणजे वर टांगलेला छोटा स्वल्पविराम, दिला आहे.

दुसऱ्यांचं इंग्रजी तपासून मी बरीच वर्षं पोट भरलं, त्यामुळे हात आपसूक पेन्सिलीकडे गेला. नऊ जागा सापडल्या. साहेबांना एकच दिसली, आणि ती नवांतली सगळ्यात किरकोळ. जन्मापासून इंग्रजी बोलणारेही ती चूक रोज करतात. उरलेल्या आठांपैकी बऱ्याचशा तुमच्या मराठीतून आल्या आहेत. साहेबांच्या नजरेतून त्या निसटल्या, याचा अर्थ कदाचित तेही मनातल्या मनात मराठीतच वाचत असावेत. हे त्यांना सांगायला जाऊ नका. चूक दाखवायचीच होती तर ती तुम्हाला एकट्याला दाखवता आली असती, एवढंच त्या 'रिप्लाय ऑल'बद्दल म्हणते आणि पुढे जाते.

नऊ हा आकडा ऐकून दचकू नका. जागा नऊ असल्या तरी खोडी मोजक्याच आहेत. पुस्तक पाठ करू नका म्हणते ते म्हणूनच. त्यात शेकडो नियम असतात आणि त्यातले बहुतेक तुम्ही न शिकताही पाळता आहात. तुम्हाला हवी आहे फक्त तुमच्या स्वतःच्या खोडींची यादी.

पहिलंच वाक्य घ्या. 'मी काल रिपोर्ट पाठवला आहे' हे मराठीत अगदी बिनचूक आहे. 'काल' आणि 'आहे' एका वाक्यात सुखाने नांदतात. इंग्रजीत त्यांचं पटत नाही. 'यस्टरडे', 'लास्ट वीक', 'ॲट फोर ओ'क्लॉक' असा संपून गेलेला काळ वाक्यात आला की 'हॅव' बाहेर पडतं आणि साधा भूतकाळ उरतो: 'आय सेंट द रिपोर्ट यस्टरडे'. कधी पाठवला ते सांगायचं नसेल, नुसतं 'पाठवून झालाय' एवढंच कळवायचं असेल, तर 'आय हॅव सेंट द रिपोर्ट'. म्हणजे 'हॅव' लिहिलंत की वाक्यात घड्याळ किंवा कॅलेंडर लपलेलं नाही ना, एवढं बघायचं.

'व्हेन इज द मीटिंग'चीही गोष्ट तीच. मराठीत 'मीटिंग कधी आहे?' असं विचारा, नाहीतर 'मीटिंग कधी आहे ते सांगा' म्हणा, शब्दांचा क्रम हलत नाही. इंग्रजीत सरळ प्रश्नात 'इज' पुढे उडी मारतं, पण तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की ते मुकाट्याने आपल्या जागी परततं: 'प्लीज टेल मी व्हेन द मीटिंग इज'. मग शेवटी प्रश्नचिन्हही लागत नाही, कारण तुम्ही सांगायला सांगताय, विचारत नाही आहात. 'आय डोंट नो व्हॉट इज द प्रॉब्लेम' हे वाक्य तर मी मोठमोठ्या पदांवरच्या माणसांच्या पत्रांत पाहिलं आहे.

'डिस्कस अबाउट'मध्ये काय झालं ते तुम्हालाही कळलं असेल. 'बजेटबद्दल चर्चा' म्हणायची सवय, म्हणून 'बद्दल'चं भाषांतर झालं. पण 'डिस्कस'च्या पोटातच ते 'बद्दल' आहे. 'ऑफिसला पोहोचलो'मधल्या 'ला'चा असाच 'रीच्ड टू द ऑफिस' होतो आणि 'तिच्याशी लग्न'मधल्या 'शी'चा 'मॅरीड विथ'. पहिल्यात 'टू' नको, दुसऱ्यात 'विथ' नको: 'मॅरीड हर', नाहीतर 'इज मॅरीड टू हर'. उलटही घडतं. गाणी ऐकताना आपल्याला मधे कुणी लागत नाही, इंग्रजीत मात्र 'लिसन टू' लागतं. याला तर्क लावत बसू नका. खुर्ची 'ती' का आणि टेबल 'ते' का, हे आपल्याला कुणी पटवून दिलं नव्हतं. शब्द शिकलो तेव्हाच लिंगही शिकलो. तसं क्रियापद शिकताना त्याचं शेपूट सोबत उचलायचं.

आता 'न्यू व्हर्जन'. इथे 'अ' हवा होता. अ, ॲन आणि द यांच्यावर प्रकरणंच्या प्रकरणं लिहिली गेली आहेत, पण तुमच्या कामाला एकच गोष्ट पुरेल. मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत सहसा उघडंबोडकं उभं राहत नाही. त्याच्या पुढे अ, द, माय, धिस असं काहीतरी लागतं. 'बाय बस', 'अ‍ॅट होम' असे अपवाद आहेत, ते वाचता वाचता कळतील. वाचणाऱ्याला कोणता ते ठाऊक असेल तर 'द', नसेल तर 'अ'. 'द रिपोर्ट' तुम्ही बरोबर लिहिलंत, कारण कोणता रिपोर्ट ते दोघांनाही माहीत होतं.

आणि 'अ' की 'ॲन' या बाबतीत आपण इंग्रजांपेक्षाही सुखी आहोत. पुढचा शब्द मनात देवनागरीत लिहा. सुरुवात स्वराने झाली तर 'ॲन', व्यंजनाने झाली तर 'अ'. तास या अर्थाचा शब्द रोमनमध्ये एचने सुरू होतो, पण देवनागरीत तो 'अवर' आहे, म्हणून 'ॲन अवर'. 'युनिव्हर्सिटी' रोमनमध्ये यूने सुरू होते, पण देवनागरीत 'य' आला, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'ॲन एमबीए', 'अ वन-वे स्ट्रीट', 'ॲन ऑनेस्ट मिस्टेक'. रोमन अक्षर बघणारे इथे फसतात, देवनागरी ऐकणारे सहसा फसत नाहीत.

मराठी नेहमीच पाय ओढते असं नाही, कधी कधी तीच वाचवते. 'द क्वालिटी ऑफ द चार्ट्स आर' ही चूक तुम्ही मराठीत केलीच नसती. 'तक्त्यांचा दर्जा वाईट आहेत' असं कोण म्हणेल? मराठीत 'दर्जा' क्रियापदाला खेटून बसतो, म्हणून कानाला लगेच खटकतं. इंग्रजीत खरा कर्ता मागे राहतो, 'चार्ट्स' मधे घुसून क्रियापदाशेजारी जाऊन बसतात आणि आपण शेजाऱ्यालाच मालक समजतो. वाक्य लांबलं आणि 'इज' की 'आर' असा संभ्रम पडला, की ते मराठीत म्हणून बघा. 'आहे' आलं तर 'इज', 'आहेत' आलं तर 'आर'. आदरार्थी 'आहेत' तेवढं सोडून, साहेबांसाठी इंग्रजीत 'इज'च. 'वन ऑफ माय फ्रेंड' असं लिहिणाऱ्यांनाही हाच उपाय. मराठीत आपण 'माझ्या मित्रांपैकी एक' म्हणतो, 'मित्रापैकी' नाही. अनेकवचन तिथे आधीच आहे, ते इंग्रजीत नेताना गाळू नका. 'इन्फर्मेशन'ला एस लावायचा मोह झाला तर आठवा, आपणही 'माहित्या' म्हणत नाही. 'ॲडव्हाइस'ला मात्र ही युक्ती चालत नाही. मराठीत सल्ले अनेक असतात, इंग्रजीत ॲडव्हाइस कितीही दिली तरी एकवचनीच. (हे मी सल्ला सदरात लिहितेय!)

राहिल्या खुणा. तुमच्या मेलमध्ये दोन ठिकाणी स्वल्पविरामावर पूर्णविरामाचं ओझं टाकलं आहे. 'रिपोर्ट काल पाठवला, बघून घ्या' हे मराठीत खपून जातं. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडली की ती चूक धरतात. एक तर पूर्णविराम द्या, नाहीतर 'सो', 'बट', 'अँड' असा एखादा शब्द मधे घाला. अर्धविरामही चालतो, पण त्याच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. पूर्णविराम कधीच दगा देत नाही.

यात तुमचा फार दोष नाही. मोडीतले जुने कागद पाहिलेत तर विरामचिन्हं सोडाच, दोन शब्दांमध्ये जागासुद्धा सोडलेली नसते. स्वल्पविराम, अर्धविराम ही मंडळी आपल्याकडे १९व्या शतकात इंग्रजीकडूनच आली आणि त्यांना मराठीत रुजवण्यात मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. पाहुण्यांना आपण घरात घेतलं खरं, पण त्यांच्या घरचे कडक नियम तेवढे आणले नाहीत.

कॉमा ही शोभेची वस्तू नाही, हे पटायला एक खटला पुरेसा आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात कोणत्या कामांना ओव्हरटाइम द्यावा लागत नाही, त्यांची यादी कायद्यात होती. यादीच्या शेवटी साधारण असे शब्द होते: 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. 'ऑर'च्या आधी कॉमा नव्हता. म्हणजे माल वाटणं हे यादीतलं वेगळं काम, की पाठवण्यासाठी किंवा वाटण्यासाठी माल बांधणं हे एकच काम? ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर माल वाटायचे, बांधायचे नाहीत. त्यांनी ओव्हरटाइम मागितला. २०१७मध्ये अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला आणि २०१८मध्ये डेअरीने ५० लाख डॉलरवर तडजोड केली. यादीतल्या शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर'च्या आधी कॉमा द्यावा की नाही, यावर जाणकारांतही दोन तट आहेत. मी देते. तुम्ही नाही दिलात तरी भांडणार नाही, फक्त एका मजकुरात एकच पद्धत ठेवा.

खुणांबद्दल आणखी दोन शब्द, तेही पटकन. कॉमा आणि पूर्णविराम आधीच्या शब्दाला चिकटतात, जागा त्यांच्या नंतर सोडायची. आणि मोठी अक्षरं: देवनागरीत लहान-मोठं अक्षर हा प्रकारच नसल्याने आपली नजर तिथे थांबत नाही. वार, महिने, भाषा, देश, माणसांची नावं आणि 'मी' या अर्थाचा 'आय' यांना मोठं अक्षर लागतं. ऋतूंना लागत नाही. एखादा शब्द महत्त्वाचा वाटतो म्हणून त्यालाही मोठं अक्षर देऊ नका. 'प्रोजेक्ट', 'टीम', 'क्लायंट' यांना उगाच फेटे बांधलेले मी खूप पाहते.

आता ज्याच्यावरून हे सगळं झालं तो अपॉस्ट्रफी. अक्षर गाळलं असेल तिथे तो बसतो. म्हणून 'इट इज' किंवा 'इट हॅज' आखडून लिहायचं असेल तरच 'इट्स'मध्ये तो द्यायचा. शंका आली की उलगडून वाचा, साहेबांनी खोचकपणे केलं तेच. 'इट इज बजेट' जमत नाही, म्हणून इथे अपॉस्ट्रफी नको. गोंधळ का होतो तेही उघड आहे. नामाला 'चा-ची-चे' लावताना इंग्रजी अपॉस्ट्रफी वापरते, मग सर्वनामाला का नाही? पण 'हिज'मध्ये कुणी अपॉस्ट्रफी घालत नाही. हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स आणि इट्स हे एकच घराणं, आणि त्या घराण्यात अपॉस्ट्रफी चालत नाही. तरी लाज वाटत असेल तर हे ऐका: १७व्या-१८व्या शतकात 'त्याचं' या अर्थाचं 'इट्स' इंग्रज लोक अपॉस्ट्रफी घालूनही सर्रास लिहीत होते. तुम्ही फक्त थोडे उशिरा जन्मलात.

स्पेलिंगबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सहीच 'लाल रेघ' केलीत, म्हणून सांगते. इंग्रजी स्पेलिंग उच्चाराशी जुळत नाही, आणि त्याला कारण आहे. कॅक्स्टन नावाच्या मुद्रकाने १४७६मध्ये इंग्लंडात छापखाना आणला आणि छापलेली स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली. उच्चार मात्र बदलतच राहिले. 'नाइट' म्हणजे सरदार, त्यातला सुरुवातीचा के एके काळी खरोखर उच्चारला जायचा. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला बी तर कधीच उच्चारात नव्हता. मूळ लॅटिन शब्दात बी आहे हे दाखवायला पंडितांनी तो नंतर घुसडला. तेव्हा जसं बोलतो तसं लिहू, या देवनागरीच्या भरवशावर इथे राहू नका. डोळ्यांनी आणि हातानेच लक्षात ठेवावं लागतं. मी मुद्दाम चुकीचा उच्चार करून पाठ करते. बुधवार लिहिताना मनात अजूनही 'वेड-नेस-डे' म्हणते. 'सेपरेट' लिहिताना 'सेप-ए-रेट', म्हणजे मधे ई पडत नाही. आपल्याला खास अडकवणारी जोडी म्हणजे हरवणं आणि सैल. मराठी कानाला दोन्ही 'लूज'च. हरवण्याचा उच्चार लांबट, गुणगुणता, त्यात ओ एकच. सैल म्हणजे 'लूस', त्यात दोन ओ. सैल गोष्टीला जागा जास्त लागते, असं लक्षात ठेवा.

एक नियम मात्र खरंच कामाचा आहे. भूतकाळ करताना शेवटचं अक्षर कधी दुणावतं? शब्दाच्या शेवटी एकच स्वर आणि एकच व्यंजन असेल आणि आघातही तिथेच असेल तेव्हा. 'अकर' (घडणं) आणि 'रिफर' यांच्यात जोर शेवटावर, म्हणून आर दोनदा. 'व्हिजिट', 'ऑफर', 'बेनिफिट' यांच्यात जोर आधीच पडून जातो, म्हणून एकदाच. 'ट्रॅव्हल'चा एल ब्रिटिश पद्धतीत दुणावतो, अमेरिकनमध्ये नाही. इंग्लंडातल्या जॉन्सनचा कोश १७५५चा आणि अमेरिकेतल्या वेबस्टरचा १८२८चा, तेव्हापासून हे दोन पंथ चालत आलेत. तुमच्या ऑफिसात कोणता पंथ चालतो ते विचारा आणि कॉम्प्युटरला तीच भाषा निवडून द्या. निम्म्या लाल रेघा तिथेच मावळतील.

लाल रेघ नाही म्हणजे चूक नाही, असं मात्र समजू नका. तरुणपणी मी नोकरीसाठी एका ठिकाणी अर्ज केला होता. 'डिअर मॅनेजर' लिहिताना मधला एक ए गळला. उरलं ते 'मेंजर', म्हणजे गुरांची गव्हाण. शब्द कोशात आहे, त्यामुळे कॉम्प्युटर गप्प राहिला. 'प्रिय गव्हाणीस' अशी सुरुवात असलेल्या अर्जाला उत्तर आलं नाही.

एआयचं विचारलंत. वापरा, पण आधी स्वतः लिहा आणि मग त्याला म्हणा: चुका दाखव, कारण सांग, वाक्य बदलू नकोस. सगळंच त्याच्यावर सोपवलं की ते कधी कधी 'मे'चं 'विल' करून बसतं. तुम्ही 'जमलं तर देऊ' म्हणालेले असता आणि तुमच्या नावाने वचन जातं. शिवाय दहा वर्षांनीही तुमच्या खोडी तशाच राहतील.

करायचं एवढंच. पाठवलेल्या मेलमधले शेवटचे वीस काढा, आज सांगितलेल्या जागा खुणा करत तपासा. तीन-चार चुका पुन्हा पुन्हा दिसतील. त्या एका कागदावर लिहून समोर चिकटवा आणि मेल पाठवण्याआधी फक्त त्याच शोधा. मोठ्याने एकदा वाचा. जिथे दम लागतो तिथे पूर्णविराम हवा असतो. आणि 'टू'चा रकाना शेवटी भरा. पत्ताच नसेल तर अर्धवट मेल जाईल कुठे?

'अँड' किंवा 'बट'ने वाक्य सुरू झालं, शेवटी 'विथ' किंवा 'फॉर' आलं, तर घाबरू नका. शाळेत या चुका म्हणून शिकवतात, पण चांगले लेखक हे नेहमी करतात. ती पाऊण तासातली दहा मिनिटं तरी वाचतील.

तुमचा मेल मी असा करून दिला असता: 'आय सेंट द रिपोर्ट यस्टरडे. प्लीज चेक इट. द क्वालिटी ऑफ द चार्ट्स इज पुअर, सो आय विल सेंड अ न्यू व्हर्जन ऑन मंडे. प्लीज टेल मी व्हेन द मीटिंग इज.'

शेवटच्या वाक्यापाशी मात्र माझी पेन्सिल थांबली. 'इट्स बजेट' म्हणजे कशाचं? रिपोर्टचं, मीटिंगचं, की ज्या कामाचा रिपोर्ट आहे त्याचं? मेल वाचणाऱ्या वीस जणांपैकी कुणी विचारलं नाही, साहेबांनीही नाही. तुम्हाला कामाचं बजेट म्हणायचं असेल तर 'वी कॅन डिस्कस द प्रोजेक्ट बजेट देअर' असं लिहा. त्यात 'इट्स' येतच नाही.